जावास्क्रिप्टचा स्पीड आला कुठून

आपल्या इंदूरला कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडे कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला अर्ज युनिकोडमध्ये करून घेतलाय कधी? ब्राउझरमधल्या एका बॉक्समध्ये मजकूर टाकला, बटण दाबलं की झालं. असे कितीतरी कन्व्हर्टर निव्वळ जावास्क्रिप्टवर चालतात, आत टेबलात बघून एकेक अक्षर बदलणारा लूप, म्हणजे तोच तो कोड, हजारो वेळा फिरत असतो.

1995 मध्ये ब्रेंडन आइकने नेटस्केपसाठी ही भाषा 10 दिवसांत उभी केली तेव्हा फॉर्म तपासणं वगैरे किरकोळच कामं होती, त्यामुळे इंटरप्रिटरवर, म्हणजे कोड वाचत वाचत तिथल्या तिथे चालवणाऱ्या प्रोग्रामवर, भागत होतं. मग 2004 ला जीमेल, 2005 ला गुगल मॅप्स, आणि अख्खं अ‍ॅप ब्राउझरमध्ये चालवायचं म्हटल्यावर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या इंजिनला धाप लागायला लागली.

अडचण भाषेतच आहे. प्लसच्या दोन्ही बाजूला आकडे आहेत की स्ट्रिंग (म्हणजे मजकूर), हे कोड चालेपर्यंत कळत नाही, म्हणून दर फेरीला तपासा. यावरचा उपाय जेआयटी, म्हणजे प्रोग्राम चालता चालताच कंपाइल करणारा कंपायलर. तो काय करतो, तर कुठला लूप सारखा फिरतोय आणि त्यात काय येतंय ते बघतो, पुढेही तेच येणार असं धरून प्रोसेसरला थेट कळणारा मशीन कोड बनवतो आणि सोबत एक छोटा चेक ठेवतो. आपल्या कन्व्हर्टरमध्ये स्ट्रिंगच येत राहिली तर सुसाट, पण मध्येच टेबलात नसलेलं अक्षर आलं न् हातात अनडिफाइंड (म्हणजे 'किंमतच नाही') पडलं की तो मशीन कोड सोडून परत हळू रस्त्याने जायचं.

2008 मध्ये जेआयटीवाली इंजिनं एकदम आली. ऑगस्टमध्ये मोझिलाने फायरफॉक्ससाठी ट्रेसमंकी जाहीर केलं, 2 सप्टेंबरला गुगलचं क्रोम आलं व्ही8 हे इंजिन घेऊन, त्याच महिन्यात सफारीमागच्या वेबकिटचं स्क्विरलफिश एक्स्ट्रीम. ट्रेसमंकी लूपने घेतलेला रस्ता रेकॉर्ड करायचं, पण कोडमधले इफ-एल्स (जर-तर) वाढले की फाटे फुटत जायचे, म्हणून 2011 च्या फायरफॉक्स 4 मध्ये अख्खं फंक्शन कंपाइल करणारं येगरमंकी जोडावं लागलं.

व्ही8 मागचा लार्स बाक आधी सेल्फ नावाच्या भाषेवर आणि मग जावाच्या हॉटस्पॉटवर काम केलेला माणूस, व्ही8 मधल्या हिडन क्लासची, म्हणजे सारख्या रचनेच्या ऑब्जेक्टना आतल्या आत एका गटात धरण्याची, मूळ कल्पना त्या सेल्फमधलीच. म्हणजे डोकं जुनंच होतं, ब्राउझरवाल्यांची चुरस लागली तेव्हा ते आपल्यापर्यंत पोचलं, आणि याचं श्रेय सेल्फवाल्यांना फार कमी मिळालं असं माझं ठाम मत आहे.

आणि ज्या व्ही8 ने सुरुवातीला इंटरप्रिटर ठेवलाच नव्हता, त्यानेच 2016 मध्ये इग्निशन हा इंटरप्रिटर आणला, कारण सगळ्याचा मशीन कोड करत बसलं तर कमी रॅमच्या फोनमध्ये मेमरीच पुरत नव्हती.