सच्छिद्र काँक्रीट

वाळू न घालता, किंवा अगदी थोडी घालून केलेले आणि पावसाचे पाणी अंगातून खाली जाऊ देणारे काँक्रीट. एकाच मापाच्या खडीवर सिमेंटच्या लगद्याचा पातळ थर चढतो, दाणे टेकतात तेथे चिकटतात आणि मध्ये १५ ते २५ टक्के पोकळी राहते. वाहनतळ, पदपथ, सोसायटीचे अंगण यांसाठी ते चांगले; मालट्रकच्या रस्त्याला वापरू नये.

एक घनमीटरसाठी साधारण ३५० किलो (७ पोती) सिमेंट, १० मिमी काळ्या दगडाची १,६०० किलो खडी आणि १०५ लिटर पाणी लागते. खडी धुतलेली हवी. सोलापूरच्या उन्हात तापलेली कोरडी खडी मिश्रणातलेच पाणी पिते, म्हणून ती आदल्या दिवशी भिजवून वरचे पाणी निथळू द्यावे. मूठभर माल दाबून पाहावा: गोळा टिकावा, दाणे चकाकावेत, बोटांवर लगदा ओघळू नये. पाणी जास्त झाले की लगदा तळाशी उतरतो आणि तिथेच छिद्रे बुजतात. कमी पडले तर वर्षभरात खडी सुटू लागते.

व्हायब्रेटर लावू नये, हलका रोलर पुरे. सफाईदार दिसावे म्हणून गवंडी थापीने घोटतात किंवा वर सिमेंट भुरभुरतात. पृष्ठभाग बंद होण्याचे हे नेहमीचे कारण. आळी बांधून पाणी साठवण्याची सवयही येथे निरुपयोगी, कारण पाणी आरपार जाते. ओतल्यापासून २० मिनिटांत प्लास्टिकने झाकून सात दिवस झाकलेलेच ठेवावे. एप्रिल-मेमध्ये काम पहाटेच उरकावे.

सोलापुरात सर्वांत मोठी चूक होते ती खालच्या काळ्या मातीबाबत. ही माती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि एकदा फुगली की पाणीही फारसे मुरू देत नाही. तिच्यावर थेट ओतलेला थर उचलला जाऊन तडकतो. शक्य तेथे ती उकरून काढावी आणि मुरूम भरून दाबावा. काळ्या मातीचा थर खोल असेल तर तळाशी व बाजूंना जाड प्लास्टिक अंथरून त्यावर ३०० मिमी धुतलेली ४० मिमी खडी भरावी आणि तळाचा छिद्रांचा पाइप उताराने, मुरूम लागेपर्यंत खोदलेल्या शोषखड्ड्यात न्यावा. या खडीत ४० टक्के पोकळी धरली तर १२० मिमी पाऊस मावतो. वरच्या १५० मिमी काँक्रीटमध्ये आणखी सुमारे ३० मिमी. १०० चौरस मीटर अंगणात हे १५,००० लिटर होतात, सप्टेंबरातल्या मोठ्या सरीलाही पुरेसे.

देखभाल टाळली तर चाकांबरोबर येणारा चिखल आणि धूळ छिद्रांत बसते. मे महिन्यात व्हॅक्यूमने किंवा तिरप्या फवाऱ्याने धुऊन काढावे. सरळ जोराचा फवारा मळ आणखी खोल ढकलतो. शेजारी बांधकाम चालू असेल तर वाळू-सिमेंटचा ढीग या अंगणावर कधीही टाकू देऊ नये.