जनावराच्या कानातला बिल्ला: नोंद कुठे, कशी आणि कोणाच्या नावावर?

गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, दावणीला काहीही असो, कानात 12 अंकी बिल्ला हवा आणि तो क्रमांक ‘भारत पशुधन’ या सरकारच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर तुमच्याच नावावर हवा. बिल्ला मारून घेतला की काम झालं, असं बरेच जण धरून चालतात. खरी ओळख त्या ऑनलाइन नोंदीत असते.

महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून या नोंदीशिवाय बाजार समितीत, आठवडी बाजारात किंवा गावातल्या गावातही जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. सरकारी दवाखान्यातले उपचार, जनावरांची वाहतूक, वीज पडून किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावल्यास मिळणारी भरपाई, सगळीकडे हाच क्रमांक विचारतात.

पात्रतेची अट अशी नाहीच. शेती नसलेला, एकच शेळी पाळणाराही नोंद करू शकतो. त्यासाठी सातबारा लागत नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. जाताना आधार कार्ड आणि चालू मोबाइल नंबर न्या. नंबर घरातल्या ज्याच्याकडे कायम राहणार आहे त्याचाच द्या. पुढे प्रत्येक कामात तो लागतो. जनावराची जात, वय, लिंग, किती वेतं झाली, सध्या गाभण आहे का, हे कर्मचारी विचारून भरतात. माहिती भरून झाली की नाव आणि बिल्ल्याचा क्रमांक तिथेच ताडून बघा. एक आकडा चुकला, तर नोंद दुसऱ्याच जनावराची होते.

बिल्ला कानाच्या मधोमध, दोन ठळक शिरांच्या मधल्या जागेत बसवतात. शीर सापडली की रक्त थांबत नाही, आणि फार कडेला मारला तर गव्हाणीत किंवा कुंपणात अडकून कान फाटतो. म्हणून जनावर नीट जखडून धरा, कान हलू देऊ नका. जखम सुकेपर्यंत रोज बघा. पावसाळ्यात माशा बसून अळ्या पडतात, तेव्हा तर जास्तच.

सगळ्यात जास्त हयगय होते ती मालकी हस्तांतरणात. सौदा झाला, पैसे मिळाले, जनावर टेम्पोत चढलं, पण नोंद जुन्याच मालकाच्या नावावर राहिली. मग घेणाऱ्याला उपचाराला आणि भरपाईला अडचण येते. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दवाखान्यात जाऊन नाव बदलून घ्यावं. घेणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं आहे, नाव बदलल्याशिवाय पूर्ण रक्कम हातात देऊ नका.

बिल्ला गळून पडला तर नवा मारून घ्या आणि जुन्या क्रमांकाच्या जागी नवा नोंदवायला सांगा, म्हणजे लसीकरणाचा आणि रेतनाचा इतिहास तुटत नाही. जनावराचा विमा असेल तर कंपनीलाही लगेच लेखी कळवा. दाव्याच्या वेळी कानात विम्यातलाच क्रमांक नसेल, तर दावा नाकारला जातो. काही अडलं तर पशुसंवर्धनाची 1962 ही टोल फ्री हेल्पलाइन आहे.