मॉक ड्राफ्ट वेगळा, बिग बोर्ड वेगळा

एप्रिल उजाडला की अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांत ड्राफ्टवरून, म्हणजे कॉलेजातले नवे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडण्यावरून, एक वाद हमखास पेटतो. एक म्हणतो, "आपल्याला रिसीव्हर (पास झेलणारा) हवाय, अमक्यालाच घ्या." दुसरा म्हणतो, "वेडा आहेस का? तो दुसऱ्या फेरीच्या लायकीचा आहे." तिसरा मध्येच तोंड घालतो, "तुमचं भांडण चालू द्या, तो आपल्या पाळीपर्यंत शिल्लकच राहणार नाही." बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! गंमत म्हणजे तिघेही एकाच वेळी बरोबर असू शकतात, कारण दुसरा बोलतोय बिग बोर्डावरून (कोण किती चांगला याची यादी), तिसरा मॉक ड्राफ्टवरून (कोण कुठे जाईल याचं भाकीत) आणि पहिल्याच्या हातात संघातल्या रिकाम्या जागांची यादी आहे. पहिल्याचं नंतर बघू. खरा घोळ उरलेल्या दोघांत आहे.

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा ड्राफ्ट ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आयपीएलसारखा इथे लिलाव नसतो. बोली नसते, पाळी असते. गेल्या मोसमात जो तळाला, त्याची पाळी पहिली आणि सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना जिंकणाऱ्याची शेवटी. ३२ संघ, सात फेऱ्या, तीन दिवस. हायस्कूल सोडून तीन वर्षं झालेला खेळाडू पात्र ठरतो. कोणत्या क्रमांकावर निवड झाली त्यावर नवख्याचा पगार जवळपास ठरूनच जातो, ही व्यवस्था २०११ च्या करारापासूनची. पाळ्यांची अदलाबदल मात्र खुशाल करता येते. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांच्या सूचनेवरून १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. त्यात सर्वात आधी निवडला गेलेला जे बर्वँगर पुढे एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. तेव्हा अंदाज चुकण्याची परंपरा पहिल्या नावापासूनची आहे!

मॉक ड्राफ्ट म्हणजे भाकीत. पहिल्या क्रमांकावर कोण जाईल, दुसऱ्यावर कोण, असं करत ३२ संघांच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं. तो लिहिणाऱ्याची स्वतःची आवड त्यात येता कामा नये. एखाद्या क्वार्टरबॅकबद्दल (चाल चालवून पास फेकणारा) त्याचं मत कितीही वाईट असलं तरी अमुक संघ त्याच्यावर भाळलाय अशी पक्की खबर असेल, तर त्याने ते नाव तिथे लिहिलंच पाहिजे.

बिग बोर्ड म्हणजे मोल. संघ, पाळी, गरज सगळं बाजूला ठेवून यंदाच्या खेळाडूंत सर्वात चांगला कोण, मग कोण, अशी उतरती यादी. इथे आवड-नावड हाच मुद्दा. लग्नसराईचा दाखला द्यायचा तर बोर्ड म्हणजे आपल्या वहीत पसंतीच्या क्रमाने लिहिलेली स्थळं, आणि मॉक म्हणजे गावात यंदा कोणाचं कोणाशी जमेल याबद्दल पारावर चाललेली चर्चा.

दोन्ही याद्या दिसायला सारख्याच. एक ते ३२ आकडे, समोर नाव, नावासमोर कॉलेज. पुष्कळदा लिहिणारा माणूसही तोच. त्यामुळे वाचणारा सर्रास एकीचा निकाल दुसरीवर लावतो. 'तू त्याला अकराव्या क्रमांकावर ठेवला होतास, गेला बघ पंचविसाव्यावर,' हा टोमणा मॉकला लागू पडतो, बोर्डाला नाही. मॉकचा निकाल ड्राफ्टच्या रात्रीच लागतो. ३२ पैकी दहा जोड्या अचूक जुळल्या तरी जाणकार पाठ थोपटतात, बाकी सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. बोर्डाचा निकाल लागायला तीन-चार मोसम थांबावं लागतं, आणि तोवर ती यादी कोणाच्या लक्षात नसते. बोर्डवाल्यांचं यात फावतं, हे मला नेहमी खटकत आलंय.

संघांच्या कचेरीत जो बोर्ड असतो तो अशी सरळसोट यादी नसतोच. बऱ्याच ठिकाणी तो तक्त्यासारखा मांडतात. उभ्या रकान्यांत खेळण्याच्या जागा, म्हणजे क्वार्टरबॅक, टॅकल (क्वार्टरबॅकची राखण करणारा), कॉर्नरबॅक (समोरच्या रिसीव्हरला रोखणारा) वगैरे, आणि आडव्या ओळींत दर्जा. एका ओळीतले चौघे जवळपास सारख्या मोलाचे. वैद्यकीय तपासणीत गुडघा संशयास्पद निघाला किंवा मुलाखतीत लक्षण ठीक दिसलं नाही, तर नाव खाली सरकतं, कधी पुसूनच टाकलं जातं. इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत, ४० यार्डांची धाव टीव्हीवर दिसते. संघांच्या लेखी मात्र तिथल्या बंद खोलीतली डॉक्टरांची तपासणी जास्त महत्त्वाची, आणि ती बाहेर कोणाला दिसत नाही. चाहत्याचा बोर्ड आणि संघाचा बोर्ड यांत अंतर पडतं ते मुख्यतः इथे. आणखी एक फरक : पहिल्या फेरीत ३२ नावं पुकारली जातात म्हणून पहिल्या फेरीच्या तोडीचे खेळाडूही ३२ असतील असं नाही. संघांच्या तक्त्यांवर ते बहुधा त्याहून कमीच असतात.

बोर्डावर विश्वास ठेवणं म्हणजे काय, याचा नमुना म्हणून १९९६ चं बाल्टिमोर बघावं. क्लीव्हलँडहून उठून आलेल्या संघाचा नव्या नावाने, रेव्हन्स म्हणून, तो पहिलाच ड्राफ्ट. पाळी चौथी. संघाला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) हवा होता आणि नेब्रास्का विद्यापीठाचा लॉरेन्स फिलिप्स समोर होता. मैदानावर जबरदस्त, मैदानाबाहेर मारहाणीचं प्रकरण अंगावर. मालक आर्ट मॉडेल यांचा कल फिलिप्सकडे होता. पण संघासाठी खेळाडू निवडणाऱ्या ओझी न्यूसम यांच्या तक्त्यावर सर्वात वर नाव होतं यूसीएलएच्या जोनाथन ऑग्डेनचं. तो लेफ्ट टॅकल, आणि संघाकडे त्या जागी टोनी जोन्स आधीच होता. त्या दिवशी कोणी 'गरज' बघून मॉक लिहिला असता तर फिलिप्सच लिहिला असता. न्यूसमनी ऑग्डेनला घेतलं आणि पहिलं वर्षभर त्याला शेजारच्या गार्डच्या जागी खेळवलं. त्याच फेरीत २६ व्या क्रमांकावर मायामीचा रे लुईस घेतला. पुढे दोघेही दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. फिलिप्सला सहाव्या क्रमांकावर रॅम्सनी घेतलं आणि १९९७ मध्ये काढूनही टाकलं.

दोन्ही याद्यांतल्या गोंधळावरून झालेला सर्वात गाजलेला तंटा त्याच्या दोन वर्षं आधीचा. १९९४ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सनी पाचव्या क्रमांकावर ट्रेव्ह अल्बर्ट्स हा लाइनबॅकर (बचावपटू) घेतला, क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फरला हात लावला नाही. ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर बसलेल्या ड्राफ्ट-विश्लेषक मेल कायपरने कोल्ट्सची यथेच्छ साल काढली. तेव्हा कोल्ट्ससाठी खेळाडू निवडणारे बिल टोबिन थेट कॅमेऱ्यासमोर कडाडले : हा मेल कायपर आहे तरी कोण? माझा शेजारी पोस्टमन आहे, त्याचा जेवढा अधिकार तेवढाच याचा! लोकांना हा प्रसंग 'भविष्यवाल्याला दिलेली चपराक' म्हणून आठवतो. पण कायपर त्या क्षणी भविष्य सांगतच नव्हता. तो स्वतःचा बोर्ड आणि कोल्ट्सची गरज मांडत होता. टोबिन यांचा बोर्ड वेगळा होता, एवढंच. खरा कोण ठरला? अल्बर्ट्स दुखापतींमुळे तीन मोसमांत संपला. डिल्फरची टँपा बे इथली कारकीर्दही बेताचीच. मात्र २००० च्या मोसमात तोच डिल्फर रेव्हन्सचा क्वार्टरबॅक म्हणून सुपर बोल जिंकला. संघ ऑग्डेन आणि रे लुईसचा होता.

'रीच' आणि 'स्टील' या शब्दांचंही असंच. लायकीपेक्षा वर उचललेला तो रीच, लायकीपेक्षा खाली मिळालेला तो स्टील. पण लायकी मोजायची कोणाच्या वहीत? चाहते बहुतेक वेळा मॉकवरून मोजतात. मॉकमध्ये ४० व्या जागी असलेल्याला आपल्या संघाने २० व्या क्रमांकावर घेतलं की बोंबाबोंब सुरू. मॉक मात्र एवढंच सांगतो की बाकीचे संघ त्याला ४० च्या आसपास घेतील असं वाटतं. तो २० व्या क्रमांकाच्या मोलाचा नाही असं त्यातून सिद्ध होत नाही. फार तर 'थोडं थांबून मिळाला असता' अशी तक्रार करता येते. ती तक्रार रास्त आहे, पण ती घाईबद्दलची आहे, पारखीबद्दलची नाही.

उलट बाजूचं उदाहरण कोलोराडोच्या शेडूर सँडर्सचं. २०२५ च्या ड्राफ्टआधी कित्येक महिने बहुतेक मॉकमध्ये तो पहिल्या फेरीत होता. कायपरच्या बोर्डावर तर एकंदर पाचवा. प्रत्यक्षात तो पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर क्लीव्हलँड ब्राउन्सकडे गेला. त्याआधी त्याच ब्राउन्सनी तिसऱ्या फेरीत डिलन गेब्रियल हा दुसरा क्वार्टरबॅक घेऊन झाला होता. इथे मॉक लिहिणारे साफ तोंडघशी पडले यात वादच नाही, कारण संघांच्या मनात काय आहे ते ओळखणं हेच त्यांचं काम होतं. कायपरचा बोर्ड मात्र त्या रात्री खोटा ठरला नाही. तो इतर सगळ्यांच्या बोर्डाहून फार वेगळा आहे, इतकंच तेव्हा कळलं.

कधी कधी मॉक अख्ख्या महिन्याचं करमणुकीचं साधन होतो. मार्च २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी डॉल्फिन्सला आपली १२ वी पाळी आणि वर पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पाळ्या व तिसऱ्या फेरीची एक पाळी देऊन तिसरी पाळी मिळवली. क्वार्टरबॅकसाठी, हे उघड होतं. पण कोणता? मॉकवाल्यांचा मोठा कौल अलाबामाच्या मॅक जोन्सला. चाहत्यांतले बरेच जण जस्टिन फील्ड्सच्या बाजूचे. 'जोन्स येणार' असं भाकीत करणाऱ्याला 'जोन्स तुझ्या मते चांगला?' म्हणून शिव्या खाव्या लागत होत्या. बिचारा फक्त हवामान सांगत होता, आणि तेही चुकलं. संघाने नॉर्थ डकोटा स्टेटच्या ट्रे लान्सला घेतलं. २०२० च्या मोसमात त्याच्या वाट्याला एकच सामना आला होता. पुढच्या सप्टेंबरमध्ये नव्हे, त्याच्या पुढच्या सप्टेंबरमध्ये, २०२२ ला, त्याचा घोटा मोडला, आणि २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका पाळीवर त्याला डॅलसकडे देऊन टाकलं. तोवर संघाची धुरा ब्रॉक पर्डीकडे आली होती. तो २०२२ च्या ड्राफ्टमधला २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा खेळाडू. तो पहिल्या फेरीच्या मॉकमध्ये नव्हता आणि वरच्या दर्जाच्या कोणत्या बोर्डावरही नव्हता, खुद्द फोर्टीनाइनर्सच्याही नाही. असता तर ते सातव्या फेरीपर्यंत थांबले असते का?

आता त्या पहिल्या माणसाकडे येऊ, ज्याच्या हातात रिकाम्या जागांची यादी होती. गरज ही गोष्ट मॉकमध्ये हक्काने येते, कारण संघ गरज बघतातच. बोर्डात ती आली की यादी नासते. चाहते नेमकी तिथेच तिची सरमिसळ करतात : आपल्याला टॅकल हवाय म्हणून टॅकल चांगला वाटू लागतो. १९९९ मध्ये फिलाडेल्फियाला दुसरी पाळी होती आणि शहराला हवा होता टेक्ससचा रनिंग बॅक रिकी विल्यम्स. महापौर एड रेंडेल यांनीही त्याच्यासाठी जोर लावला. स्थानिक रेडिओने चाहत्यांची एक टोळीच बसने न्यूयॉर्कला नेली. ईगल्सनी क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅबचं नाव पुकारलं आणि ती टोळी त्याच्या तोंडावर 'बू' करत सुटली. त्याच मॅकनॅबने संघाला पाच वेळा एनएफसीच्या, म्हणजे अर्ध्या लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत आणि एकदा सुपर बोलपर्यंत नेलं. न्यू ऑर्लीन्सने विल्यम्ससाठी त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या पाळ्या मोजल्या, शिवाय पुढच्या वर्षीची पहिली आणि तिसरी फेरीही. रनिंग बॅक बोर्डावर वर असणं वेगळं आणि त्याच्यासाठी इतकी किंमत मोजणं वेगळं, हे त्या व्यवहाराने लोकांच्या गळी उतरवलं.

दोन्ही याद्या एकाच टेबलावर लागतात त्या पाळी बदलताना. बोर्ड सांगतो कोण हवा, मॉक सांगतो तो कधीपर्यंत टिकेल. २०१७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सची पाळी २७ वी होती. अ‍ॅलेक्स स्मिथसारखा भरवशाचा क्वार्टरबॅक हाताशी, संघ प्लेऑफमध्ये खेळणारा. गरज बघणाऱ्याने त्यांच्या नावापुढे क्वार्टरबॅक लिहिलाच नसता. पण त्यांच्या बोर्डावर टेक्सस टेकचा पॅट्रिक मेहोम्स फार वर होता, आणि तो २७ पर्यंत उरणार नाही हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी बफलोला आपली २७ वी पाळी, तिसरी फेरी आणि पुढच्या वर्षीची पहिली फेरी देऊन १० वा क्रमांक घेतला. अकरावी पाळी होती न्यू ऑर्लीन्स सेंट्सची. त्यांचे प्रशिक्षक शॉन पेटन यांनी नंतर उघडपणे सांगितलं की मेहोम्सला आम्हीच घेणार होतो. तो हातातून गेल्यावर त्यांनी आपल्या तक्त्यावरचं पुढचं नाव उचललं, कॉर्नरबॅक मार्शॉन लॅटिमोर, आणि तो त्या मोसमातला सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला.