विमेन्स लीग कप आला कुठून?

२५ सप्टेंबर २०११, बर्टनचं पिरेली स्टेडियम, आर्सेनल ४ बर्मिंगहॅम सिटी १. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बायकांच्या फुटबॉलची विमेन्स सुपर लीग सुरू झाली होती आणि तिच्या जोडीला एक नवा नॉकआऊट कप आणला होता, त्याची ही पहिली फायनल. स्पॉन्सर कॉन्टिनेंटल टायर्स, त्यामुळे बरीच वर्षं लोक त्याला कॉन्टी कप म्हणत आले, आणि पहिली फायनल नेमकी दुसऱ्या टायरवाल्याच्या, पिरेलीच्या, नावाच्या मैदानावर. आज त्यालाच विमेन्स लीग कप म्हणतात. आता "नवा कप" म्हटलं की वाटतं याआधी काही नव्हतंच, सगळं २०११ लाच सुरू झालं. तसं अजिबात नाही. इंग्लंडमध्ये बायकांच्या फुटबॉलला देशभराची लीग मिळाली १९९१ मध्ये, आणि नॉकआऊट कप त्याच्या ७० वर्षांहून जास्त आधीपासून चालू-बंद चालू-बंद होत आलेत. म्हणजे आधी कप, मग लीग.

असं का, तर मला वाटतं हिशेब सोपा आहे. लीग चालवायची म्हणजे दर आठवड्याला मैदान पाहिजे, रेफरी पाहिजे, प्रवासाचे पैसे पाहिजेत आणि सीझन संपेपर्यंत सगळ्या टीम टिकल्या पाहिजेत. नॉकआऊटला यातलं बरंचसं लागत नाही, ड्रॉ काढा, तारीख ठरवा, हरली ती टीम बाहेर. आपल्याकडे सुट्टीत दोन दिवसांत अख्खी टूर्नामेंट उरकतात ते याच हिशेबाने. ज्यांच्याकडे स्वतःचं मैदान नाही आणि खिशात पैसा नाही त्यांना परवडते ती नॉकआऊट, आणि इंग्लंडच्या बायकांकडे बराच काळ या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

सुरुवात पहिल्या महायुद्धातली. पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका भरती झाल्या, काम असं की स्फोटकं हाताळून हाताळून कातडी पिवळी पडायची, म्हणून लोक त्यांना कॅनरी म्हणायचे. याच बायका जेवणाच्या सुट्टीत बॉल घेऊन बाहेर पडायला लागल्या, मग कारखान्या-कारखान्यांत मॅचेस सुरू झाल्या, आणि १९१७ मध्ये ईशान्य इंग्लंडमधल्या टीमसाठी चक्क एक कप काढला, मुनिशन गर्ल्स कप. त्यातली गाजलेली टीम म्हणजे ब्लाइथ स्पार्टन्स लेडीज. ब्लाइथ हे समुद्रकाठचं बंदर, या मुली गोदीत दारूगोळ्याच्या जहाजांवर माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायच्या, आणि त्यांना फुटबॉल शिकवलं नौदलाच्या खलाशांनी, तेही तिथल्या वाळूत! त्यांची सेंटर फॉरवर्ड बेला रे हिच्या नावावर त्या एका सीझनचे १३३ गोल सांगतात.

फायनल बोल्को वॉन या मिडल्सब्रोच्या टीमशी. पहिली मॅच न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कला, ०-० सुटली. मग १८ मे १९१८ ला मिडल्सब्रोच्या एअरसम पार्कवर रिप्ले, म्हणजे तीच मॅच परत, ब्लाइथ ५-० ने जिंकली, बेलाची हॅटट्रिक, आणि बघायला आले होते २२ हजार लोक. हा २२ हजारांचा आकडा लक्षात ठेवा. कप पुढच्या सीझनला अजून एकदा झाला, तोवर युद्ध संपलं होतं, कारखाने बंद होत गेले, बायकांना घरी पाठवलं गेलं आणि त्यांच्याबरोबर कपही गेला.

सगळ्या टीम मात्र संपल्या नाहीत. प्रेस्टनमध्ये डिक, कर या कंपनीच्या बायकांची टीम होती (दोन मालकांची दोन आडनावं आहेत ही, एक डिक आणि एक कर). ही कंपनी ट्राम वगैरे बनवायची, नंतर ती इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये मिसळली आणि त्याच इंग्लिश इलेक्ट्रिकची इंजिनं १९५० च्या दशकात आपल्या मुंबई-पुणे लाइनवर धावली, म्हणजे अगदीच परकं नाव नाही. या टीमने १९१७ च्या ख्रिसमसला प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर पहिली मोठी मॅच खेळली, जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलसाठी पैसे जमवायला, १० हजार लोक आले. तीन वर्षांनी, २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलेन्सच्या टीमशी मॅच झाली तेव्हा आत ५३ हजार आणि आणखी हजारो लोक गेटबाहेरूनच परत गेले. गेटवर तिकिटांचेच ३ हजार पौंडांच्या वर जमले, त्या काळात ही प्रचंड रक्कम, आणि ती सगळी चॅरिटीसाठी.

आणि मग ५ डिसेंबर १९२१. इंग्लंडच्या फुटबॉलचा कारभार बघणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफएने, ठराव केला की हा खेळ बायकांसाठी अजिबात योग्य नाही आणि त्याला प्रोत्साहन देऊ नये. पुढे चॅरिटीच्या पैशातला फार मोठा हिस्सा खर्चात जातो अशी तक्रारही जोडली. पण खरा घाव शेवटच्या ओळीत होता, असोसिएशनच्या सदस्य क्लबांनी आपली मैदानं बायकांच्या मॅचेसना देऊ नयेत. इथे लोकांचा एक गोंधळ होतो. बायकांनी फुटबॉल खेळणं काही बेकायदेशीर झालं नव्हतं, एफएला तसा अधिकारच नव्हता, पण मैदान काढून घेतलं की गेट गेलं, गेट गेलं की पैसा गेला, आणि खेळ उद्यानातल्या किंवा शेतातल्या मोकळ्या जागेवर आला. कारणं काय असतील यावर इतिहासकार अजून भांडतात, काहींच्या मते पुरुषांच्या गर्दीवर परिणाम होईल ही भीती होती, काहींच्या मते १९२१ च्या खाणकामगारांच्या टाळेबंदीत डिक, करच्या टीमने त्यांच्या कुटुंबांसाठी मॅचेस खेळल्या तेही खुपलं. मला दोन्ही पटतं. ५३ हजार लोक जमवणाऱ्या खेळाला वर्षभराच्या आत मैदान नाकारायचं, हे नुसत्या "बायकांसाठी योग्य नाही" या काळजीतून होत नाही.

यानंतर जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात भारी वाटतं. ठराव ५ तारखेला, आणि त्याच आठवड्याच्या शेवटी, १० डिसेंबरला, बायकांच्या टीमचे प्रतिनिधी ब्लॅकबर्नमध्ये जमले आणि त्यांनी स्वतःची इंग्लिश लेडीज फुटबॉल असोसिएशन काढली. आणि पहिला मोठा कार्यक्रम कोणता घेतला, तर नॉकआऊट कप! दोन डझनाच्या आसपास टीम उतरल्या. अध्यक्ष होते स्टोकचे लेन ब्रिजेट. मोठी स्टेडियम बंद, त्यामुळे मिळेल त्या जागी राउंड उरकत गेले, आणि २४ जून १९२२ ला स्टोकमधल्या कोब्रिजला फायनल झाली, स्टोक लेडीजनी डॉनकास्टर अँड बेंटलीला ३-१ हरवलं. इंग्लंडभरातल्या बायकांच्या टीमचा नॉकआऊट कप म्हणता येईल असा पहिला कप हाच. डिक, करची टीम यात नव्हती, ती संघटनेतच आली नाही, आपली वेगळी फिरत राहिली, त्याच वर्षी अमेरिकेचा दौराही करून आली. सगळ्यात नावाजलेली टीम बाहेर, मैदान नाही, पैसा नाही, कप एकदाच झाला आणि संघटना विरली. आजच्या विमेन्स एफए कपच्या विजेत्यांच्या यादीत स्टोकचं नाव कुठेच दिसत नाही कारण यादी १९७१ पासून धरतात, आणि हे मला खरंच चुकीचं वाटतं, बंदीनंतर सहा-सात महिन्यांत अख्खी स्पर्धा पार पाडणाऱ्या बायकांना निदान एक ओळ तरी मिळायला हवी.

मधली जवळजवळ ५० वर्षं मी पटकन ओलांडतोय, पण ती रिकामी नव्हती. डिक, करवाल्या पुढे प्रेस्टन लेडीज नावाने १९६५ पर्यंत खेळत राहिल्या, १९४९ मध्ये निघालेल्या मँचेस्टर कोरिंथियन्सनी परदेश दौरे केले. १९६६ चा वर्ल्ड कप इंग्लंडने जिंकल्यावर मुलींच्या टीम भराभर निघाल्या, १९६९ मध्ये विमेन्स फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि १९७० साली एफएने तो जुना ठराव मागे घ्यायचं ठरवलं. आणि या नव्या संघटनेनेही पहिल्याच सीझनला काय केलं, तर परत नॉकआऊट कप. मायटर ही फुटबॉल बनवणारी कंपनी, तिच्या नावाने मायटर ट्रॉफी. ७१ टीम आल्या, त्यात स्कॉटलंड-वेल्सच्याही. ९ मे १९७१ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेस स्पोर्ट्स सेंटरला फायनल, साउदॅम्प्टनने स्कॉटलंडच्या स्ट्युअर्टन टीमला ४-१ हरवलं, पॅट डेव्हिसची हॅटट्रिक. हाच कप पुढे विमेन्स एफए कप झाला. साउदॅम्प्टनने पहिल्या ११ पैकी ८ वेळा तो उचलला.

त्याच सुमारास डॉनकास्टरला काय चाललं होतं ते सांगायलाच पाहिजे. तिथल्या रोव्हर्स क्लबच्या बेल व्ह्यू मैदानावर पुरुषांच्या मॅचला काही मुली "गोल्डन गोल"ची तिकिटं विकायच्या. तिकिटावर एक वेळ छापलेली, पहिला गोल नेमका त्या वेळेला पडला की बक्षीस. स्टँडमध्ये फिरून फिरून तिकिटं विकायची आणि समोर दुसऱ्यांचा खेळ बघायचा, १९६९ मध्ये या मुलींनीच स्वतःची टीम काढली, ती डॉनकास्टर बेल्स. पुढची दोन दशकं इंग्लंडमधली सगळ्यात दरारा असलेली टीम हीच, आणि १९९१-९२ ला २४ क्लबांची नॅशनल लीग सुरू झाली तेव्हा पहिलं विजेतेपदही यांचंच.

या लीगबरोबरच लीग कप आला, म्हणजे २०११ च्या कपचा थेट पूर्वज. पहिली फायनल आर्सेनलने मिलवॉलला १-० हरवून जिंकली. १९९३ पासून एफएने हा सगळा कारभार हळूहळू आपल्या हातात घेतला, ज्या संस्थेने मैदानं बंद केली होती तीच आता यजमान. त्या बंदीबद्दल त्यांनी माफी मागितली ती २००८ मध्ये.

मग २०११. सुपर लीग खरं तर २०१० ला सुरू व्हायची होती, पैशांच्या अडचणीने वर्षभर पुढे गेली. आठच क्लब, उन्हाळी सीझन, आणि खर्च आटोक्यात राहावा म्हणून नियम असा की एका क्लबला वर्षाला २० हजार पौंडांच्या वर पगार फक्त चार खेळाडूंना देता येईल. बाकीच्या मुली नोकरी किंवा कॉलेज सांभाळूनच खेळत होत्या. वरचे आठ क्लब जुन्या लीग कपमधून बाहेर काढले आणि त्यांच्यासाठी हा नवा कप, जुना कप खालच्या क्लबांसाठी चालू ठेवला. पहिल्या वर्षी सरळ नॉकआऊट ठेवलं, नंतर ग्रुप आणले, २०१६ ला परत सरळ नॉकआऊट, मग परत ग्रुप. या बदलाबदलीवर लोक चिडतात पण दोन्हीकडे थोडं थोडं खरं आहे, कमी क्लबांत सरळ नॉकआऊट ठेवलं तर निम्म्या टीमचा कप एका संध्याकाळीच संपतो, आणि ग्रुप ठेवले तर कपची धाकधूकच निघून जाते.

पहिले तिन्ही कप आर्सेनलचे. चौथ्याच्या मागची गोष्ट कडू आहे. २०१३ च्या सीझनची जेमतेम एक मॅच खेळून झाली असताना डॉनकास्टर बेल्सना सांगितलं गेलं की पुढच्या वर्षी तुम्ही सुपर लीगच्या खालच्या डिव्हिजनला, आणि वरच्या डिव्हिजनमध्ये नवीन नाव मँचेस्टर सिटी. मैदानावरच्या निकालांनी नाही, अर्ज आणि आराखडे तपासून. २०१४ मध्ये सिटीने फायनलमध्ये आर्सेनलला १-० हरवून लीग कप घेतला, इझी क्रिस्टियनसनचा गोल. सिटीच्या मुली चांगल्याच खेळल्या, त्यांचं काही चुकलं नाही, पण गोल्डन गोलची तिकिटं विकून उभा राहिलेला क्लब अशा पद्धतीने खाली जावा हे मला आजही पटत नाही.

तेव्हापासून हा कप जवळपास तिघांतच फिरतोय, आर्सेनल, सिटी आणि चेल्सी. फायनलची जागा मात्र बदलत राहते: शेफील्डचं ब्रॅमल लेन, नॉटिंगहॅमचं सिटी ग्राउंड, वॉटफर्डचं व्हिकरेज रोड, लंडनचं सेलहर्स्ट पार्क, डर्बीचं प्राइड पार्क. सगळी पुरुषांच्या जुन्या क्लबांची मैदानं, ५ डिसेंबर १९२१ च्या ठरावाने बंद केली होती ती याच क्लबांची. बरोबर १०० वर्षांनी, ५ डिसेंबर २०२१ ला, कोविडमुळे लांबलेली विमेन्स एफए कपची फायनल वेंब्लीवर झाली, चेल्सी ३ आर्सेनल ०, तिसऱ्याच मिनिटाला फ्रॅन कर्बीचा गोल आणि मग सॅम करचे दोन, ४०,९४२ लोकांसमोर.

लीग कपची गर्दी त्यामानाने सावकाश वाढली. ३१ मार्च २०२४ ला वुल्व्हरहॅम्प्टनच्या मोलिन्यूवर आर्सेनलने चेल्सीला एक्स्ट्रा टाइममध्ये १-० हरवलं, स्टिना ब्लॅकस्टेनियसचा गोल, आणि प्रेक्षक होते २१,४६२, या कपच्या फायनलचा तोपर्यंतचा विक्रम. एअरसम पार्कच्या त्या रिप्लेपेक्षा पाचेकशे कमी.