पाणी बाहेरचं की आतलं?

गेल्या ऑगस्टमध्ये शिरपूर तालुक्यातल्या अनेर धरणाच्या काठावर फोटोसाठी दोन तास गुडघे टेकून होतो. समोर चिखलात शेकाट्या पक्ष्यांची जोडी, आणि अंगात नवी कोरी वॉटरप्रूफ पँट, चांगली साडेआठ हजारांची. उठलो तेव्हा गुडघे ओले होते आणि मांड्याही. बांधावर म्हशी चारणारे एक बाबा केव्हाचे माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "भाऊ, पानी बाहेरथीन उनं का मझारथीन?"

बाहेरून आलं की आतून? पँट घेताना दुकानात विचारायला हवा होता तो हाच प्रश्न. माझ्या बाबतीत पाणी दोन्हीकडून आलं होतं.

आधी गुडघ्याचं पाहू. पँटच्या लेबलवर 5,000 मिमी असा आकडा होता. कापड ताणून बसवायचं, त्यावर पाण्याचा दाब वाढवत न्यायचा आणि कापड किती उंचीच्या पाण्याचा दाब सोसतं ते मोजायचं, अशी ही चाचणी असते. 5,000 मिमी म्हणजे 5 मीटर उंच पाण्याचा स्तंभ. उभं राहून पाऊस झेलायला एवढं भरपूर झालं. पण माझं वजन 72 किलो. एका गुडघ्यावर झुकलो की त्यातलं निम्मं, 36 किलो, जेमतेम 40 चौरस सेंटिमीटर जागेवर येतं. दर चौरस सेंटिमीटरला झाले 900 ग्रॅम, म्हणजे 9 मीटर पाण्याचा दाब! पँट बिचारी 5 मीटरची. उलट मांडी घालून बसलो असतो तर तेच वजन काही शे चौरस सेंटिमीटरवर पसरलं असतं आणि दाब मीटर-दीड मीटरच्या आसपास राहिला असता. म्हणून जमिनीलगत बसून फोटो काढणाऱ्याने 10,000च्या खालचं कापड बघूच नये, 20,000 मिळालं तर उत्तम. किंवा गुडघ्याखाली फोमच्या चटईचा वीतभर तुकडा ठेवावा. तो दाबही पसरवतो आणि चिखलही दूर ठेवतो, आणि पडतो फार तर पन्नास रुपयांना.

आता मांड्या. तिथलं पाणी माझंच होतं, घामाचं.

अशा पँटमध्ये दोन कापडांच्या मध्ये एक पातळ पापुद्रा असतो. अमेरिकेत 1969 साली बॉब गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणत होते आणि त्या तुटत होत्या. शेवटी त्यांनी एक कांडी झटक्यात ओढली, तर ती न तुटता कितीतरी पट लांबली आणि आतून सच्छिद्र झाली. हा पापुद्रा त्यातूनच आला. ही छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी मोठी असतात. त्यामुळे पाऊस बाहेर अडतो आणि घामाची वाफ निसटते.

पण वाफ आपणहून निसटत नाही, तिला बाहेर ढकलतो तो आतल्या-बाहेरच्या बाष्पदाबातला, म्हणजे हवेतल्या वाफेच्या दाबातला फरक. 34 अंशांच्या ओल्या त्वचेपाशी हा दाब सुमारे 5.3 किलोपास्कल असतो. हिमालयात 5 अंशांच्या दमट हवेत तो 0.8च्या आसपास, म्हणजे फरक साडेचारचा. खान्देशात श्रावणात 27 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असेल तर बाहेरच 3.2 आणि फरक उरतो जेमतेम 2. वाफेला रेटा निम्म्याहून कमी! जाहिरातीतला बर्फाळ डोंगर बघून आपण पँट घेतो आणि घालतो तापीच्या खोऱ्यात. इथे महागड्या पापुद्र्यापेक्षा मांडीच्या बाजूने उघडणाऱ्या लांब चेनी जास्त कामाच्या. आत सुती पँट मात्र नको, सूत घाम पिऊन घेतं आणि दिवसभर वाळत नाही.

आपल्या काळ्या मातीचाही एक उपद्रव आहे. नव्या कापडावर थेंब मोत्यासारखा गडगडतो, कारण धाग्यांवर पाणी झिडकारणारा लेप असतो. कपाशीच्या शेतातली चिकण माती धाग्यांत बसली की तीच पाणी धरून ठेवते. वरचं कापड चिंब झालं की वाफेची वाट बंद, आणि आपल्याला वाटतं पँट गळते. साध्या पाण्यात, सौम्य साबणाने धुवावी, कपडे मऊ करणारं द्रावण टाळावं आणि लेबलवर परवानगी असेल तर मंद इस्त्री फिरवावी. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. पत्र्याच्या खोलीतल्या पेटीत मात्र मे महिन्यात ठेवू नये. स्वस्त पँटचा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर उष्णता आणि दमटपणाने विघटित होतो आणि आतून पापडासारखा सुटतो.

पावसाळा संपला की प्रश्न कुसळांचा. शहाद्याजवळच्या ज्या जंगलात 1997 साली रानपिंगळा हे छोटं घुबड तब्बल 113 वर्षांनी पुन्हा सापडलं, तशा विरळ सागाच्या रानात ऑक्टोबरपासून कुसळी गवत पिकतं. एक कुसळ तळहातावर घेऊन थुंकीचा थेंब लावून बघा. दोरीसारखा पिळलेला शेपटा उलगडू लागतो आणि टोकाचा अणकुचीदार दाणा गिरमिटासारखा फिरतो. जमिनीत घुसायची ही त्याची सोय आहे, पण दवाने ओल्या पँटची पोटरी त्याला जमिनीसारखीच. एकदा टोचलं की पापुद्र्याला कायमचं भोक. त्यामुळे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत दाट विणीचं, जाड नायलॉन हवं. मात्र दुकानातच दोन पाय एकमेकांवर घासून बघावं. पापडासारखा करकर आवाज आला तर पँट परत ठेवावी, रानपिंगळा तो आपल्याआधी ऐकेल.

मी आता पावसाळ्यात अर्धी चड्डी, गुडघ्याखाली फोम आणि पाऊस आलाच तर वरून चेनवाली पँट, असा जातो. अनेरला ते बाबा परत भेटले. चड्डीकडे बघून हसले, पण या खेपेला काही विचारलं नाही.