तपासणी सरकारची, उपचार कुणाचा? ऑस्ट्रेलियातल्या किशोर दंतयोजनेची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियात १ जुलै २००८ रोजी 'मेडिकेअर टीन डेंटल प्लॅन' सुरू झाला. १२ ते १७ वर्षांच्या मुलामुलींसाठी दातांच्या प्रतिबंधक तपासणीचं, सुरुवातीला १५० डॉलरपर्यंतचं व्हाउचर दरवर्षी टपालाने घरी येऊ लागलं. साडेपाच वर्षांनी ही योजना बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी आली. पण फक्त तपासणीच का, आणि फक्त या वयाचीच मुलं का, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

त्या देशाच्या राज्यघटनेत दातांचा उल्लेख आहे. १९४४ मध्ये संघ (म्हणजे केंद्र) सरकारने नागरिकांना औषधं पुरवण्याचा कायदा केला. तिथलं सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हायकोर्टाने १९४५ मध्ये तो रद्द ठरवला, कारण अशा कामावर पैसा खर्च करण्याचा अधिकार घटनेने संघ सरकारला दिलेला नव्हता. मग पंतप्रधान बेन चिफ्ली यांच्या सरकारने सप्टेंबर १९४६ मध्ये सार्वमत घेतलं. तीन प्रस्तावांपैकी एकच मंजूर झाला. त्यातून कलम ५१ मध्ये जी भर पडली, तिच्यात औषधं आणि रुग्णालयांच्या लाभांबरोबर 'वैद्यकीय आणि दंत सेवा' हे शब्द आले. डॉक्टर आणि दंतवैद्यांवर सरकारी कामाची सक्ती करता येणार नाही, अशी अटही सोबत आली.

म्हणजे दातांवर खर्च करण्याचा अधिकार सरकारकडे तेव्हापासून आहे. तरीही १९७५ मध्ये मेडिबँक ही सार्वत्रिक आरोग्य विमा योजना आली तेव्हा दात वगळले गेले, आणि १९८४ मध्ये तिच्याच धर्तीवर मेडिकेअर आलं तेव्हाही. खर्चाचा आकडा मोठा होता, आणि डॉक्टरांच्या संघटनांशी चाललेल्या झुंजीत दंतवैद्यांचीही आघाडी उघडण्याची राजकीय ताकद नव्हती. पुढच्या सगळ्या दंतयोजना या एका निर्णयाने उरलेली पोकळी भरण्याचे प्रयत्न आहेत.

मुलांची गोष्ट मात्र थोडी वेगळी घडली, आणि तिची प्रेरणा शेजारून आली. पहिल्या महायुद्धात भरतीसाठी आलेल्या तरुणांचे दात किती वाईट अवस्थेत आहेत, हे न्यूझीलंडला प्रकर्षाने जाणवलं. थॉमस हंटर यांच्या पुढाकाराने तिथे १९२१ मध्ये तरुण मुलींना खास प्रशिक्षण देऊन शाळांमध्ये 'डेंटल नर्स' म्हणून नेमायला सुरुवात झाली. या नर्स मुलांचे दात तपासत, भरत आणि गरज पडली तर काढतही. पूर्ण दंतवैद्यकीय पदवी नसलेल्या व्यक्तीने दात भरायचे, ही कल्पना त्या काळी अनेक दंतवैद्यांना रुचली नव्हती. ऑस्ट्रेलियाला ती स्वीकारायला चार दशकं लागली. १९६० च्या दशकाच्या मध्यावर टास्मानिया आणि साउथ ऑस्ट्रेलियाने तसं प्रशिक्षण सुरू केलं, आणि १९७३ मध्ये व्हिटलम सरकारने देशभराच्या शालेय दंतसेवेसाठी संघाचा पैसा ओतला. प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या, शाळांच्या आवारात दवाखाने आले, दूरच्या शाळांसाठी फिरती वाहनं आली.

या व्यवस्थेत तपासणी आणि उपचार एकाच खुर्चीवर होत होते, हे मला तिचं सर्वांत मोठं बळ वाटतं. कीड दिसली तर त्याच ठिकाणी, बहुधा त्याच हातांनी दात भरला जाई. पालकांना रजा काढावी लागत नव्हती, दवाखाना शोधावा लागत नव्हता, बिलाची धास्ती नव्हती. १९७७ च्या सुमारास तिथल्या १२ वर्षांच्या मुलाच्या तोंडात किडलेले, काढलेले किंवा भरलेले मिळून सरासरी जवळपास ५ कायमचे दात असत. शतक संपताना ही सरासरी १ च्या खाली आली होती. हे सगळं श्रेय शालेय सेवेचं नव्हे. टास्मानियातल्या बीकन्सफिल्ड गावात १९५३ मध्ये पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली होती. सिडनीत ते १९६८ मध्ये आणि मेलबर्नमध्ये १९७७ मध्ये पोहोचलं, आणि त्याच काळात फ्लोराइडयुक्त टूथपेस्टही घरोघरी आली. या तिन्हींचा वाटा वेगळा काढून दाखवणं अवघड आहे.

१९८१ मध्ये फ्रेझर सरकारने शालेय दंतसेवेचा राखीव निधी बंद केला आणि तो राज्यांच्या सर्वसाधारण आरोग्य अनुदानात मिसळून टाकला. त्यानंतर प्रत्येक राज्याने आपापल्या मर्जीने वाट धरली. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ही सेवा माध्यमिक शाळेपर्यंत टिकली, न्यू साउथ वेल्समध्ये ती आटत गेली. बऱ्याच ठिकाणी सेवेचा भर प्राथमिक शाळेवर राहिला आणि मूल मोठ्या शाळेत गेलं की दंतसेवेचा हात सुटायचा.

नेमक्या त्याच वयात दातांना त्याची सर्वाधिक गरज असते. बाराव्या वर्षाच्या आगेमागे दुसरी कायमची दाढ येते. नुकत्याच आलेल्या दाढेचं आवरण अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं आणि तिच्या माथ्यावरच्या खोल, अरुंद खाचांत ब्रशचे केस पोहोचत नाहीत. अन्नाचे कण आणि जंतू तिथे साठतात, जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि कीड खाचेच्या तळाशी सुरू होते. दाढ येताच या खाचा सीलंटने, म्हणजे दाढेवर चिकटणाऱ्या पातळ संरक्षक थराने, बुजवल्या तर हे बरंचसं टाळता येतं. काम काही मिनिटांचं असतं, सुई-भूल लागत नाही. पण त्यासाठी मूल योग्य वेळी खुर्चीवर बसलेलं असावं लागतं. आणि हे वय असं की ब्रश केला का, हे विचारणारं कुणी मागे नसतं, शीतपेय स्वतःच्या पैशाने घेता येतं आणि दुखत नाही तोवर दंतवैद्याकडे जावंसं वाटत नाही.

२००७ च्या निवडणुकीत लेबर पक्षाने या वयोगटासाठी योजनेचं आश्वासन दिलं. पंतप्रधान केविन रड यांचं सरकार आल्यावर आरोग्यमंत्री निकोला रॉक्सन यांच्या कारकिर्दीत 'डेंटल बेनिफिट्स अ‍ॅक्ट २००८' मंजूर झाला आणि पाच वर्षांसाठी सुमारे ४९ कोटी डॉलरची तरतूद झाली. 'फॅमिली टॅक्स बेनिफिट पार्ट ए' किंवा तत्सम सरकारी मदत मिळणाऱ्या कुटुंबांतल्या दहा लाखांहून अधिक मुलांना अर्ज न करताच व्हाउचर मिळणार होतं. तोंडाची तपासणी त्यात होतीच, शिवाय गरजेप्रमाणे एक्स-रे, दात साफ करणं, फ्लोराइड लावणं आणि सीलंट यांचाही समावेश होता.

दात भरण्याचा खर्च मात्र त्यात नव्हता. रूट कॅनाल नव्हतं, दात काढणंही नव्हतं. कीड सापडली तर पुढे एक तर खिशातून पैसे द्यायचे, नाहीतर राज्याच्या सरकारी दवाखान्याच्या प्रतीक्षायादीत नाव घालायचं. खाजगी दंतवैद्याची फी व्हाउचरपेक्षा जास्त असेल तर वरची रक्कमही कुटुंबानेच भरायची. उपचार परवडत नसेल, तर दात किडला आहे हे कळून आईवडिलांच्या हाती काय लागतं? मला वाटतं, योजनेचं खरं दुखणं हे होतं. वाटलेल्या व्हाउचरपैकी निम्म्याहून बरीच कमी वापरली गेली. टपालातलं कागदी व्हाउचर बाजूला पडणं सोपं होतं, आणि ज्या भागात दंतवैद्यच नाही तिथे ते असून नसल्यासारखं होतं.

त्याच सुमारास दुसरी एक योजना चालू होती. दीर्घकालीन आजार असलेल्या रुग्णांना डॉक्टरच्या शिफारशीने दोन वर्षांत ४,२५० डॉलरपर्यंतचे दंतोपचार मिळत. हॉवर्ड सरकारने नोव्हेंबर २००७ पासून तिला हे मोठं रूप दिलं होतं. ती बंद करून तो पैसा प्रौढांच्या सरकारी दंतसेवेकडे वळवायचा रड सरकारचा बेत होता, पण संसदेचं वरचं सभागृह असलेल्या सिनेटने तो अडवला. अनेक वर्षं दोन्ही बाजू अडून बसल्या. कोंडी फुटली ती ग्रीन्स पक्षाच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या गिलार्ड सरकारच्या काळात. ऑगस्ट २०१२ मध्ये आरोग्यमंत्री तान्या प्लिबरसेक यांनी सुमारे ४१० कोटी डॉलरचं दंत-सुधारणा पॅकेज जाहीर केलं, त्यातले २७० कोटी मुलांसाठी. दीर्घकालीन आजारांची योजना त्याच वर्षी बंद झाली आणि किशोरांची ३१ डिसेंबर २०१३ रोजी.

१ जानेवारी २०१४ पासून 'चाइल्ड डेंटल बेनिफिट्स शेड्यूल' लागू झालं. वय २ ते १७, दोन कॅलेंडर वर्षांत मिळून १,००० डॉलर, आणि तपासणीबरोबर दात भरणं, काढणं, रूट कॅनाल हेही. दात सरळ करण्याचे आणि सौंदर्याचे उपचार वगळले. जी फट २००८ च्या योजनेत राहिली होती, ती इथे बुजली. पुढची वाट तरीही सरळ नव्हती. २०१६ च्या अर्थसंकल्पात टर्नबुल सरकारने ही योजनाच मोडीत काढून नवी आणायचं ठरवलं, ते जमलं नाही. मग २०१७ च्या सुरुवातीला मर्यादा ७०० डॉलरवर आणली आणि टीका झाल्यावर काही आठवड्यांत पुन्हा १,००० केली. १ जानेवारी २०२२ पासून दोन वर्षांखालची बाळंही पात्र ठरली. मर्यादेची रक्कम आता महागाईनुसार वाढत जाते.

वापराचा प्रश्न मात्र नव्या योजनेतही सुटला नाही. पहिल्या वर्षी पात्र मुलांपैकी साधारण एक तृतीयांशच खुर्चीपर्यंत पोहोचली, आणि नंतरही हा हिस्सा फारसा पुढे सरकलेला नाही. पूर्वीच्या शालेय सेवेत दवाखाना मुलाकडे येत होता. आता हक्क मुलाच्या नावावर नोंदलेला असतो, पण दंतवैद्य शोधणं, वेळ घेणं, मुलाला नेणं हे सगळं पालकांवर असतं. ज्या घरांत दोघंही पाळीत काम करतात किंवा ज्या गावातून जवळचा दवाखाना काही तासांवर आहे, तिथे ते सर्वांत कठीण जातं. आणि ज्या वर्षी अठरावा वाढदिवस येतो, ते कॅलेंडर वर्ष सरलं की हा हक्कही संपतो. त्यानंतर सवलतीचं कार्ड असेल तर राज्याच्या सरकारी दवाखान्याची यादी, नसेल तर खाजगी दंतवैद्याचं बिल.