एन्कोड की डीकोड? ‘पुणे’ अडतं, ‘मराठी’ निसटतं

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मराठी मजकुरावर एरर आली की आपण आधी एन्कोड लावून बघतो, नाही चाललं तर डीकोड. मीही कित्येकदा हेच केलंय. दिशा मात्र ठरलेल्या आहेत: अक्षरांचे बाइट, म्हणजे ० ते २५५मधले आकडे, करणं म्हणजे एन्कोड, बाइटांची अक्षरं करणं म्हणजे डीकोड. मजकूर फाइलमध्ये किंवा नेटवर्कवर जाताना पहिलं, तिथून प्रोग्राममध्ये येताना दुसरं.

‘मराठी’ ही स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, घ्या. आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पायथन लांबी ५ सांगतो. काना आणि वेलांटी तो वेगळी मोजतो. यूटीएफ-८ने, म्हणजे कुठल्या चिन्हाला कुठले बाइट ते सांगणाऱ्या एका तक्त्याने, एन्कोड केली की १५ बाइट होतात, प्रत्येक चिन्हाला तीन. ‘म’चे २२४, १६४, १७४. हे आकडे कुठल्या तक्त्याने वाचायचे ते ठाऊक असेल तरच त्यातून ‘म’ निघतो. एन्कोड करताना तक्ता तुम्ही निवडता. डीकोड करताना तो कुणीतरी आधीच निवडलेला असतो. घोळ होतो तो बहुतेक इथेच.

इंग्रजी विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग (म्हणजे तक्ता) सांगितलं नाही, तर पायथन बऱ्याचदा विंडोज-१२५२ हा रोमन अक्षरांचा तक्ता गृहीत धरतो. त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. मग ‘म’च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाचं गोल चिन्ह आणि वर्तुळातला आर उमटतो. एरर काहीच नाही! ‘पुणे’ मात्र अडतं. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट १२९, आणि त्या तक्त्यात १२९चं घर रिकामं आहे. अक्षराचा पाय मोडणाऱ्या हलन्ताचा १४१, त्याचंही तेच. अडणारं ‘पुणे’ परवडलं. निसटलेलं ‘मराठी’ थेट ग्राहकाच्या बिलावर सापडतं.

पायथन २ने तर कहर केला होता. आधीच बाइट असलेल्या स्ट्रिंगवरही एन्कोड चालायचं. आतल्या आत आधी आस्की या फक्त इंग्रजीपुरत्या तक्त्याने डीकोड व्हायचं, आणि लिहिलं एन्कोड तरी एरर यायची डीकोडची. २००८ साली आलेल्या पायथन ३मध्ये स्ट्रिंगला फक्त एन्कोड उरलं, बाइटांना फक्त डीकोड.

बिघाड कुठे झाला ते कचऱ्यावरूनच कळतं. साध्या प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर बहुधा एन्कोड करताना तक्त्यात देवनागरीच नव्हती. तो मजकूर गेला. काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह डीकोडचं: फाइलमधले बाइट अजून शाबूत असतील, फक्त ‘सेव्ह’ दाबू नका. आणि तिरक्या रेघेच्या रोमन एंची माळ दिसली, तर ज्या चुकीच्या तक्त्याने वाचलं त्यानेच परत एन्कोड करा, मग यूटीएफ-८ने डीकोड.